दिवाणावरची तिसरी जागा

पटलं तर वाचा, नाही पटलं तर सोडून द्या. पण खोटं आहे असं मात्र म्हणू नका.

ज्या बाईवर हे बेतलं ती माझी मावसबहीण. ज्या माणसानं ते मोबाईलवर मोजून पाहिलं तो राजकुमार. तो आजही आमच्या आर्णीच्या बाजारात केबलचा माल घ्यायला येतो. त्याला फुलसावंगीच्या त्या घराचं विचारून पाहा. सांगणार काहीच नाही, पण चहा अर्धा टाकून उठेल.

मी स्वतः भुताखेतांना मानत नाही. मानत नव्हतो, असं म्हणू.

गाव फुलसावंगी, तालुका महागाव. मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. सोयाबीन घरात आलं होतं, कापसाची वेचणी सुरू होती. वेळ जेवणं आटोपल्यावरची, गल्लीत पोरं खेळत असतात ती. काही गोष्टी तर भरदुपारी घडल्या. तेव्हा अंधारात बाई घाबरली असेल, असंही कोणी म्हणू नये.

माझ्या बहिणीचं नाव दिपाली. आईबाप लवकर गेले, लग्न उशिरा जमलं. नवरा रजत, बिजवर. त्याची पहिली बायको अर्पिता काविळीनं गेली होती. लेकरू नव्हतं. शेती बरी, घर स्लॅबचं, माणूस शांत, घरात फक्त सासू तानाबाई. आमची आई म्हणाली, पोरीनं नशीब काढलं.

नशीब काढलं खरं. पण त्या घरात एक जण आधीच होती.

आमच्याकडं रीत आहे. बिजवराशी लग्न लागलं की दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक घालतात. चांदीचा नखाएवढा पत्रा, त्यावर साडी नेसलेली बाई कोरलेली. ती सवत. घरात जे नवं येईल ते आधी तिला दाखवायचं. नवी साडी आधी तिला, नवा दाणा आधी तिला, सणाचा पहिला घास तिला. मग दुसरीनं घ्यायचं. ती रुसली तर संसार लागत नाही म्हणतात.

दिपालीला हे कधीच पचलं नाही. पहिल्या संक्रांतीला रजतनं तिच्यासाठी मोरपंखी साडी आणली. तानाबाईनं घडी मोडायच्या आधी ती टाकाला लावली आणि मग हिच्या हातात दिली. त्या दिवशी मला फोन आला.

“दादा, सारंच उष्टं भेटते मले. साडी तिची उष्टी, ताट तिचं उष्टं. नवराही...”

एवढ्यावर तिनं फोन ठेवला.

स्पष्टच सांगतो, पोरगी जळत होती. मेलेल्या बाईवर जळत होती. जिवंत सवत असती तर झिंज्या धरून भांडली तरी असती. हिच्याशी भांडायचं कसं? अर्पिताचं नाव निघालं की घरातले आवाज खाली यायचे. भाजी चांगली झाली की तानाबाई म्हणायची, “अर्पिताही अशीच करे.” भाजी बिघडली तर काहीच म्हणायची नाही. दिपालीला दोन्ही लागायचं.

दिवाळीला रजतनं घरात वायफाय घेतलं. टीव्हीच्या मागं लावायची स्टिकही आणली, म्हणजे पाहिजे ती मालिका पाहिजे तेव्हा लावता येते.

“तुले मालिका आवडतात ना,” तो म्हणाला. “हे तुह्यासाठी.”

दिपालीनं ती डबी दोन्ही हातांत धरली. अर्पिताच्या वेळी या घरात नेट नव्हतं. म्हणजे या घरातली ही पहिली वस्तू, जिला त्या बाईचा हात लागलेला नव्हता.

देवघरातून तानाबाईचा आवाज आला.

“सूनबाई, पहिले टाकाले दाखव वं.”

“दाखवलं, आत्याबाई.”

दाखवलं नव्हतं.

पदराखाली टाक तसाच होता. तिनं त्यावर पदर आणखी घट्ट ओढून घेतला, आणि स्टिक टीव्हीत लावली.

त्या खोलीची मांडणी नीट सांगतो, कारण पुढं ती लागणार आहे. समोरच्या भिंतीवर टीव्ही. त्याच्यासमोर दिवाण. दिवाणावर मधोमध रजत. त्याच्या डाव्या हाताला, स्वयंपाकघराच्या दाराकडं दिपाली. उजव्या हाताला भिंतीपर्यंत आणखी एक माणूस बसेल एवढी जागा. तिथं एक लोड पडलेला असायचा. तिथं कोणी बसत नसे. का बसत नसे, हे दिपालीनं कधी विचारलं नाही. ती आली तेव्हापासून ते तसंच होतं.

नेटचा राऊटर मागच्या खोलीत, लोखंडी कपाटावर.

जेवणं झाली की तानाबाई भजनाला जायची. रजत फुटाण्याची वाटी मांडीवर घेऊन बसायचा. मालिका एका वकीलणीची होती. रजतला तिच्यात काडीची गोडी नव्हती, पण बायकोसाठी बसायचा. दिवसभर वेचणीवाल्यांच्या मागं पळणारा नवरा तेवढा वेळ हिचा असायचा. हिच्याकडं वळून हसायचा, वाटी पुढं करायचा. दिपालीनं लग्नाकडून एवढंच मागितलं होतं.

काही दिवस बरे गेले.

मग एका संध्याकाळी वकीलणीनं कोर्टात बोट उगारलं...

आणि ती तशीच राहिली.

पडद्याच्या मधोमध गोल फिरायला लागलं.

“नेट हळू असंन,” रजत म्हणाला.

त्यानं राऊटर बंद करून चालू केला. स्टिक काढून परत लावली. मालिका चालली. दिपाली येऊन बसली.

गोल.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी राजकुमारला बोलावलं. गावात नेट त्याचंच. हा गडी मोठा बोलका, आणि कधीच चुकत नाही. म्हणजे चूक नेहमी गिऱ्हाइकाचीच असते. आल्या आल्या त्यानं कपाटाकडं बोट दाखवलं.

“लोखंडावर राऊटर ठेवते का कोणी, रजतभाऊ? लोखंड सिग्नल गिळून टाकते. पत्र्याच्या डब्यात एखादी चीज बंद केली ना, तं तिचं काहीच बाहेर येत नाही.”

हे वाक्य दिपालीच्या डोक्यात बसलं. ते कुठं बाहेर निघालं ते पुढं कळेल.

राऊटर लाकडी फळीवर गेला. तरी अडलं. मग राजकुमार म्हणाला, शेजारचे फुकट वापरून राह्यले असतील, पासवर्ड बदला. बदलला. मग म्हणाला, नेटवर्कचं नावही बदलू, जुनं कोणी जोडलेलं राहिलं असेल तर सुटून जाईल.

“नाव काय ठेवू?”

“दिपाली,” ती लगेच म्हणाली.

रजत हसला. राजकुमारनं नाव टाकलं, स्टिकमधलं जुनं जोडलेलं पुसून नव्यानं जोडलं, नेटचा वेग मोजून दाखवला. भरपूर होता. तो उभा असेपर्यंत मालिका शहाण्या पोरासारखी चालली. दुखणं डॉक्टरपुढं लपतं, तसंच हेही.

संध्याकाळी दिपाली नवऱ्याच्या बाजूला बसली...

गोल.

त्या दिवशी गॅसवर दूध होतं. ती उठून गेली. दूध उतरवलं. बाहेरून वकीलणीचा आवाज येत होता. अडखळत नव्हता.

तिनं मुद्दाम ओटा पुसला. आवाज चालू.

भांडी पालथी घातली. आवाज चालू. रजत कशाला तरी हसलाही.

ती आली आणि बसली. वकीलीण थांबली.

उठली. चालू.

बसली. गोल.

“तू बसली का अडते, पाह्य,” रजत हसून म्हणाला.

त्याच्या मनात काही नव्हतं. पण त्या दिवशी दिपाली परत बसली नाही.

त्यानंतर ती स्वयंपाकघराच्या दारातून बघायला लागली. नवरा एकटाच बसलेला असायचा. बाजूला कोणी नाही. खोलीत कोणी नाही. दिवा लख्ख, पंखा बंद, बाहेर पोरांचा गलका. घाबरण्यासारखं काहीच नव्हतं.

फक्त लोड...

लोड दिवाणावर नव्हता. खाली, भिंतीला टेकून उभा होता. पाहुणा आला की जागा करायला ठेवतात तसा.

तिनं तो उचलून जागेवर ठेवला. दुसऱ्या दिवशी परत भिंतीला.

“तुमी काढून ठेवता का हा?”

“म्या कायले काढू?” रजत म्हणाला. त्यानं त्या बाजूला पाहिलंसुद्धा नाही.

तानाबाईनं ठेवला नव्हता. ती भजनाला होती.

दिपालीला भीती वाटायला हवी होती. तिनंच मला सांगितलं, भीती नाही वाटली. संताप आला. हे तिचं होतं. नेटवर्कला तिचं नाव होतं. आणि तिथं तिसरं कोणीतरी येऊन बसत होतं.

तिनं राजकुमारला पुन्हा बोलावलं, आणि या वेळी दुपारी, रजत जेवायला घरी असताना. तानाबाईही घरातच होती.

“रोज बसता तसे बसा दोघं,” राजकुमार म्हणाला. त्याच्या मोबाईलमध्ये सिग्नल मोजायचं ॲप होतं. कुठं किती येतो ते रेषेत दिसायचं. “पाहू कुठं अडते. माणूस म्हंजे पाण्याचा हंडा असते, वहिनी. मधात माणूस आला का सिग्नल खाते.”

रजत मधोमध बसला. दिपाली त्याच्या डावीकडं.

रेष खाली आली.

“वहिनी, उठा.”

ती उठली. रेष वर गेली.

“म्हंजे तुमीच अडवून राह्यल्या,” तो खूश होऊन म्हणाला. मग त्याच्याच लक्षात आलं. राऊटरकडून टीव्हीकडं जाणारी वाट दिपालीच्या बाजूनं जातच नव्हती. ती जात होती दुसऱ्या टोकावरून, भिंतीकडून.

“बसा परत.”

ती बसली. राजकुमारनं मोबाईल दिवाणाच्या कडेनं हळूहळू फिरवला. दिपालीच्या समोर ठीक. रजतच्या समोर ठीक. पुढं सरकला...

रेष तळाला गेली.

त्यानं हात मागं घेतला. रेष वर. पुढं नेला. तळाला. हात खाली नेला, वर नेला. दिवाणापासून बसलेल्या बाईच्या डोक्याच्या उंचीपर्यंत अडत होतं. त्याच्या वर नव्हतं.

“इथं कोणी बसून असंन, तं असं होते,” राजकुमार म्हणाला आणि हसला.



रजत मान खाली घालून फुटाणे निवडत राहिला. दारात तानाबाई उभी होती. ती दिपालीकडं बघत होती.

“सूनबाई, टाकाले दाखवलं होतं ना तू?”

“दाखवलं म्हटलं ना, आत्याबाई.”

“अर्पिता तिथंच बसे,” तानाबाई हळूच म्हणाली. कोणाला सांगितलं कोण जाणे.

आता एखादी शहाणी बाई असती तर स्टिक काढून टाकाला लावली असती, हळदकुंकू वाहिलं असतं, दोन शब्द बोलली असती. पाच मिनिटांचं काम. मीही नंतर तिला हेच म्हणालो. पण जळणाऱ्या माणसाला शहाणपण सांगून उपयोग नसतो. दिपालीच्या मनात एकच होतं. मेली तरी जागा सोडत नाही.

त्याच दुपारी तिनं गळ्यातून टाक काढला.

चिंधीत गुंडाळला. स्टीलच्या डब्यात ठेवला. तो डबा तुरीच्या डाळीच्या मोठ्या डब्यात, आणि तो डबा लोखंडी कपाटात. कपाटाला कुलूप. राजकुमार म्हणाला होता ना, पत्र्यात बंद केलं की काहीच बाहेर येत नाही. हसू नका. मी हसलो होतो.

संध्याकाळी रजत दिवाणावर बसला. दिपाली आली. लोड भिंतीला टेकून उभाच होता. ती डावीकडं गेली नाही. रजतच्या पुढून गेली, आणि उजवीकडं, त्या मोकळ्या जागेवर जाऊन बसली.

जागा गरम होती.

आत्ताच कोणी उठून जावं, तशी.

ती क्षणभर आखडली. मग बूड रोवून नीट बसली. पदर सारखा केला.

मालिका सुरू झाली.

अडली नाही. वकीलीण बोलली, साक्षीदार बोलला, जज बोलला. गोल म्हणून फिरलं नाही. दिपालीनं नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. त्या रात्री तिनं मला मेसेज केला होता, अजून आहे माझ्याकडं. “जिंकली दादा.” मला वाटलं काहीतरी खेळत असेल. मी अंगठा पाठवला.

तानाबाईच्या लक्षात रिकामा गळा आला.

“टाक कुठं आहे वं?”

“धुवाले काढला, आत्याबाई.”

दुसऱ्यांदा तानाबाईनं विचारलं नाही. कधीच विचारलं नाही. दिपालीला वाटलं, सुटली एकदाची.

नेट त्यानंतर एकदाही अडलं नाही. आभाळ आलं तरी नाही, सगळं गाव मॅच बघत असलं तरी नाही. राजकुमारनं गावभर सांगितलं की त्यानं एक सेटिंग बदलली होती.

पण हळूहळू दिपालीला एक दिसायला लागलं.

रजत हसायचा, पण डावीकडं वळून हसायचा. जिथं ती आधी बसायची तिकडं. सवय असेल, तिला वाटलं. माणसाला सवय मोडायला वेळ लागतो.

तो फुटाण्याची वाटी पुढं करायचा. डावीकडं. मोकळ्या जागेपुढं हात तसाच धरून ठेवायचा...

मग वाटी परत मांडीवर यायची. फुटाणे कमी झालेले असायचे.

तोच खात असेल. तिनं नीट पाहिलं नव्हतं.

“मी इकडं आहो ना,” ती एकदा म्हणाली.

“हं,” तो म्हणाला. टीव्हीकडं बघत.

मग जेवणात एकदा तानाबाईनं दोनच ताटं केली. “विसरली वं,” म्हणाली आणि तिसरं वाढलं. दुसऱ्या दिवशी परत दोनच. दिपालीनं स्वतः उठून वाढून घेतलं. दारात भाजीवाली आली की आतल्या तानाबाईला हाक मारायची, दिपाली समोर उभी असताना. हे सगळं होतं प्रत्येकाच्या घरी. बोट ठेवायला जागा नव्हती.

जळणाऱ्याला मात्र बरोबर कळतं. कोणाला मिळतंय आणि कोणाला नाही, हे त्याच्याइतकं कोणालाच कळत नाही. दिपालीला कळत होतं की नवऱ्याचं हसू डावीकडं जातंय.

महिना संपला तेव्हा राजकुमार पैशासाठी आला. दुपारच होती. रजत शेतात, तानाबाई अंगणात मिरच्या वाळवत. राजकुमार फुशारकी मारायच्या मूडमध्ये होता.

“मंग वहिनी, कसं चालून राह्यलं नेट? म्या म्हटलं होतं ना?”

दिपाली म्हणाली, “मापून दाखवा एकदा.”

ती उजवीकडच्या जागेवर जाऊन बसली. राऊटर आणि टीव्हीच्या बरोबर मध्ये. राजकुमारनं मोबाईल काढला. तिच्यासमोर धरला.

रेष वर होती.

त्यानं मोबाईल झटकला. परत धरला. रेष वरच. जरासुद्धा हलली नाही.

“वहिनी, टेकून बसा.”

ती टेकून बसली.

“बसल्या ना?”

“बसली ना, भाऊ. दिसून नाही राह्यलं का?”

“दिसून राह्यलं,” तो म्हणाला. मग मोबाईल सदऱ्याला पुसून परत धरला. “पण... अडाले पायजे होतं.”

त्यानं हात हळूहळू डावीकडं नेला. रजतच्या रिकाम्या जागेवर रेष वर. त्याच्या पलीकडं, स्वयंपाकघराच्या दाराकडच्या मोकळ्या जागेवर...

रेष तळाला.

राजकुमारनं पैसे मागितले नाहीत. चपला हातात घेऊन निघाला. अंगणात तानाबाईनं विचारलं, “काहून रे, चहा नाही घेत?” तो थांबला नाही. त्यानंतर तो त्या घरी गेलेला नाही. नेट बंद पडलं तर हाताखालच्या पोराला पाठवेन म्हणतो. नेट बंद पडत नाही.

दिपालीनं त्याच वेळी कपाट उघडलं. डाळीचा डबा, त्यातला डबा, त्यातली चिंधी. टाक जसाच्या तसा होता. ती तो उजेडात घेऊन बसली. इतके दिवस गळ्यात होता, पण तिनं तो नीट कधी पाहिलाच नव्हता. साडी नेसलेली एक बाई. हात जोडलेले. डोळ्यांच्या जागी दोन टिंबं, तोंडाच्या जागी एक रेघ. आर्णीचा सोनार सगळ्या बायका अशाच कोरतो. त्यावर नाव नसतं.

“मले समजेना दादा,” ती मला म्हणाली, “म्या त्या डब्यात कोणाले बंद केलं होतं.”

तिनं टाक गळ्यात घातला. स्टिक काढली, टाकाला लावली, हळदकुंकू वाहिलं. “पहिले तू पाह्य,” असं तोंडानं म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा मनापासून म्हणाली.

संध्याकाळी ती आपल्या जुन्या जागी, डावीकडं जाऊन बसली. रजतनं त्या बाजूला थोडं सरकून जागा केली. तिच्यासाठी केली की दुसऱ्या कोणासाठी, ते तिला कळलं नाही. मालिका सुरू झाली.

ती वाट बघत राहिली. अडलं म्हणजे सगळं पहिल्यासारखं. अडेल. आता अडेल.

अडलं नाही.

उन्हाळ्यात ती आमच्याकडं राहायला आली. तिचं माहेर म्हणजे आमचंच घर. आली तेव्हा मी चेष्टा केली, काय गं, वाळलीस, नवरा जेवायला देत नाही का? ती हसली. म्हणाली, एसटीत कंडक्टरनं तिकीटच नाही मागितलं, बाजूच्या बाईला दिलं आणि पुढं गेला. मी म्हटलं, बरं झालं, फुकटात आलीस. आईही हसली.

जेवण झाल्यावर तिनं मागच्या खोलीत बसून मला हे सगळं सांगितलं. रडली नाही. फक्त एक विचारलं.

“ती बसली का अडते. मी बसली का नाही अडत. आता तूच सांग दादा, त्या घरात बायको कोण?”

मी पाण्याचा तांब्या तिच्यापुढं सरकवला.

मग ती म्हणाली, इथं मापून पाह्य. आमच्याकडं मागच्या खोलीत नेट जेमतेमच येतं. राऊटर पुढं आमच्या दुकानाच्या भिंतीला. दारात कोणी येऊन उभं राहिलं तरी मोबाईलवरचा व्हिडिओ अडतो, हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. पोरांना मीच ओरडत असतो, दारातून बाजूला व्हा म्हणून.

“मी दारात बसते,” ती म्हणाली. “तू व्हिडिओ लाव. आवाज बंद कर. मले ऐकू नको येऊ दे, तूच सांग.”

ती उंबऱ्यात बसली, माझ्याकडं तोंड करून. दार पूर्ण भरलं होतं. मी व्हिडिओ लावला. एक माणूस ट्रॅक्टरची माहिती देत होता.

मी पडद्याकडं बघत होतो. ती माझ्याकडं.

ट्रॅक्टर शेतात गेला. वळला. परत आला.

“अडलं?”

ट्रॅक्टर चालतच होता.

“अडलं का, दादा?”

मी अंगठ्यानं व्हिडिओ थांबवला. ट्रॅक्टर उभा राहिला. मोबाईल तिच्याकडं वळवला आणि म्हटलं, “हे पाह्य. अडलं ना.”

ती पुढं वाकली. पडद्याकडं बघत राहिली. मला वाटलं, तिला पटलं. तिच्या चेहऱ्यावर थोडं हसूही आल्यासारखं वाटलं. मग ती हळूच म्हणाली,

“गोल नाही फिरून राह्यलं, दादा.”

एवढं बोलून ती उठली आणि आत जाऊन पिशवी भरायला लागली. मी तिला चार दिवस राहा म्हणालो. ती म्हणाली, नको, संध्याकाळपर्यंत पोचाले पायजे, ती तिकडं त्याच्यापाशी एकटीच बसून असंन.

आता आमच्या मागच्या खोलीत व्हिडिओ अडला, की मी आधी दाराकडं बघतो. दारात कोणी असलं की मला बरं वाटतं.